छत ऐकणारी जोडी

शमशेर नदाफ खाणीवरून सुट्टीला आला, की माधवनगरातल्या त्याच्या गल्लीत गळता नळ शिल्लक राहत नाही. पाना घेऊन तो दारोदार फिरतो, वायसर बदलतो, चहा पितो आणि पुढच्या घरी जातो. लोकांना त्याचं कौतुकच आहे. पण यंदाच्या थंडीतल्या सुट्टीत त्यानं हद्द केली. शेजारच्या पिठाच्या गिरणीची चांगली चालती मोटर त्यानं न विचारता खोलली. परत जोडून चालू केली तेव्हा तिच्यातून असा काही खरखराट निघाला, की समोरच्या घरातलं झोपलेलं पोर दचकून रडायला लागलं. शमशेर मात्र फडक्याला हात पुसत उभा, आणि वर गिरणीवाल्यालाच म्हणतो, “आता बगा, कशी लोण्यावाणी चालतीया.”

त्याची बायको नूरजहां दारातून हे बघत होती. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

तशी ती आधीपासूनच वैतागली होती. नवरा वर्षातून एकदा घरी येतो आणि आला तर असा, की घरात असून नसल्यासारखा. जेवताना उठून गच्चीवर जायचा. गच्चीवर टाकीत डोकावून खाली यायचा. खाली आला की चपला घालून बाहेर, आणि बाहेरून पाच मिनिटांत परत. रविवारी मिरजेहून खाणीकडं परतायची गाडी होती, आणि रविवार जवळ येईल तसं त्याचं हे वाढतच चाललं होतं. काय होतंय म्हणून विचारलं, तर “कुटं काय?” एवढंच उत्तर.

आता शमशेर करतो काय, हे गल्लीत कुणालाच धड माहीत नाही. “कोळशाच्या खाणीत पाणी मारतो,” असं तो सांगतो, आणि लोकांना वाटतं, धूळ बसावी म्हणून मारत असेल, रस्त्यावर टँकर मारतो तसं. तसलं ते पाणी नव्हे. दूर पूर्वेला, झारखंडाच्या बाजूला एका खाणीत कोळशाचा थर इतका तिरपा उतरला आहे, की त्यावर यंत्र ठरत नाही, घसरत जातं. म्हणून तिथं प्रयोग म्हणून पाण्यानं कोळसा पाडायचं ठरलं. वर मोठाले पंप, तिथून जमिनीच्या पोटात उतरलेला लोखंडी पाइप आणि पाइपाच्या टोकाला फिरवता येणारी एक जाड नळी. कागदावर तिचं नाव मॉनिटर. माणसं तिला तोफ म्हणतात. तिच्यातून दोन बोटं जाडीची धार सुटली, की समोरची काळी भिंत ढासळायला लागते आणि पाण्याबरोबरच पत्र्याच्या पन्हळीतून उताराला वाहत खालच्या टाकीत जाते. घण नको, सुरुंग नको. धारेच्या आड हात आला तर हात राहत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

या तोफेवर शमशेरचा जीव होता. त्याचा बाप माधवनगरच्या कापडगिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तासगावकडच्या द्राक्षबागांचे औषध फवारायचे पंप दुरुस्त करून त्यानं घर चालवलं. शमशेर त्याच्याच हाताखाली शिकला, एका पंपाच्या ठेकेदाराबरोबर खाणीवर गेला, आणि पंप सांभाळता सांभाळता एक दिवस तोफेच्या दांड्यावर हात ठेवून बसला. अंगात आवाज भरतो, दात हलतात, आणि आपण जिकडं वळू तिकडं डोंगराचं आतडं निघून येतं. हे ज्यानं एकदा केलं, त्याला गच्चीवरच्या टाकीत काय रस वाटणार?

पण तोफ चालवणं हे अर्धंच काम. कोळसा वाहून गेला की समोर पोकळी राहते, आणि त्या पोकळीचं छत आज ना उद्या बसणार असतं. ते बसावं अशीच योजना असते, फक्त तेव्हा खाली माणूस नको. म्हणून समोरचा कोळसा संपला की तोफ मागं घ्यायची, पाइपाचा एक तुकडा काढायचा आणि नव्या जागी तोफ बसवायची. मागं घेण्याआधी पाणी बंद करायचं, आणि छताला कान द्यायचा. छत पडण्याआधी बोलतं. आधी बारीक खडे टपटपतात, मग आत कुठंतरी वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा आवाज येतो. तो आला की पळायचं, मागं वळून बघायचं नाही.

तोफेपाशी माणसं दोनच. शमशेरच्या जोडीला व्हॉल्व्हवर जोतिबा. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचं गाव. लष्करात तोफखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला गडी, आणि त्याचा आवाजही तोफखान्यातलाच. ‘मीठ दे’ म्हणाला तरी शेजारच्या खोलीतले उठून बसायचे. परमुलखात दोघं एकमेकांना धरून होते. खोली एक, चूल एक, गावाकडची ठेच्याची बरणी एक. पाणी बंद झालं की जोतिबा तोंडातल्या तोंडात “चांगभलं” म्हणायचा, शमशेर “बिस्मिल्ला” म्हणायचा, आणि मग शमशेरचा उजवा हात वर जायचा. हात वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही. छत गप्प आहे अशी शमशेरची खात्री झाली की हात खाली. हात खाली आला की जोतिबानं पुढं होऊन पाइपाचा जोड सोडायचा. पुढं नेहमी जोतिबा. छत आलं असतं तर त्याच्याच डोक्यावर आलं असतं.

आणि शमशेरचे कान गेले होते.

एका दिवसात नाही गेले. आधी डावा गेला. तेव्हा त्यानं मनाशी म्हटलं, उजवा आहे की. मग उजव्यात भुंगा शिरल्यासारखं व्हायला लागलं, आणि एक दिवस लक्षात आलं की भुंग्याशिवाय दुसरं काही येतच नाही. समोर तोंड करून कुणी बोललं तर समजायचं. पाठीमागं बोललं तर नाही. खाणीच्या दवाखान्यात दरवर्षी कान तपासतात. कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बोट वर करायचं. कंपाउंडर बटन दाबतो ते समोरच्या काचेच्या कपाटात दिसतं, हे शमशेरनं हेरलं होतं. त्याचे कान एकदम उत्तम निघाले!

त्यानं असं का केलं, हे विचारायची गरज नाही. कान गेलेल्या माणसाला तोफेवर ठेवत नाहीत. वर दिवे वाटायच्या खिडकीत बसवतात, आणि तिथं सगळ्यांच्या टोप्यांचे दिवे मोजत म्हातारं व्हायचं. शमशेरला ते मरणापेक्षा वाईट वाटत होतं. मग त्यानं एक युक्ती काढली आणि ती युक्ती आहे हे स्वतःलासुद्धा कबूल केलं नाही. हात वर धरला की तो टोपीचा दिवा जोतिबाच्या तोंडावर धरायचा. जोतिबाचं सगळं मन त्याच्या भुवयांत. छत जरा जरी कुरकुरलं, तर त्या भुवया हलल्याशिवाय राहायच्या नाहीत, असा त्याचा हिशेब. भुवया जाग्यावर असल्या, की शमशेरचा हात खाली.

सुट्टीवर निघायच्या आदल्या पाळीत पाणी बंद झालं, हात वर गेला, जोतिबाचा चेहरा शांत होता, हात खाली आला. जोतिबा पुढं झाला, वाकला, जोड सोडून पाइप खांद्यावर घेऊन मागं वळला. आणि तो जिथं वाकला होता तिथं म्हशीएवढा दगड येऊन पडला. धुरळा बसल्यावर जोतिबा खदाखदा हसला, “वाचीवलं रं देवानं!” म्हणून शमशेरच्या पाठीत गुद्दा घातला, आणि संध्याकाळी दोघांनी सुट्टीच्या पिशव्या भरल्या. जोतिबा गाडीत बसल्या बसल्या घोरायला लागला. शमशेरचा डोळा मिरजेपर्यंत लागला नाही. दगड बोलल्याशिवाय पडला नसणार, आणि आपण ते ऐकलं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

ते अजून फिरत होतं. पायांना स्वस्थता नव्हती ती यामुळं.

गिरणीच्या मोटरीच्या दुसऱ्या दिवशी नूरजहांनं त्याची परीक्षा घेतली. काचेच्या कपाटात बघून पास होण्यासारखी ही परीक्षा नव्हती. तो जेवायला बसला होता. ती त्याच्या मागं जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मी माहेरला चालले. परत येनार न्हाई.” शमशेरनं आमटीत भाकरी चुरली. ती आणखी म्हणाली, “जाताना तुमचा पाना इकून टाकते.” शमशेरनं कांदा फोडला. ती पुढं येऊन त्याच्यासमोर बसली. चेष्टा करायला गेली होती, पण तिचे डोळे भरून आले होते.

“कवापासनं?” तिनं विचारलं.

त्यानं नाही म्हणून बघितलं. मग ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. भुवयांचं सांगितलं, दगडाचंही सांगितलं. नूरजहां दगडाचं ऐकून उठून उभी राहिली.

“तुमचे कान गेले तर गेले. त्या मानसाचं डोस्कं गेलं असतं तर रेश्माला काय तोंड दाखवलं असतं तुमी?” ती म्हणाली. रेश्मा म्हणजे जोतिबाची बायको. “रविवारी गाडीत बसायच्या आदी जोतिबाभावजींना सांगायचं. तुमी न्हाई सांगितलं, तर मी सांगते.”

“फोन करतो.”

“तुमी फोनवर काय ऐकनार हाय? कपाळ?”

हे खरंच होतं. शिवाय जोतिबाही फोनवर कधी सापडायचा नाही. डोंगरात रेंज नाही म्हणायचा. फोन कायम रेश्माच घ्यायची. तिच्या हातात निरोप देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. एवढं ठरूनही शमशेरनं गुरुवार घालवला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आहे म्हणाला, तीही झाली. शनिवारी सकाळी नूरजहांनं त्याची पिशवी दारात ठेवली आणि दार आतून लावून घेतलं.

तो एसटीनं कराडला आणि कराडहून पाटणला गेला. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी गोगलगायीसारखी चालली होती, आणि एरवी ड्रायव्हरला शिव्या घालणारा शमशेर, आणखी हळू गेली तरी चालेल, असं मनात म्हणत होता. पाटणला वडापाच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तो वर निघाला. काय बोलायचं ते त्यानं घोकून ठेवलं होतं. ‘जोतिबा, मला ऐकू येत न्हाई. लय दिवसांपासनं येत न्हाई. तुला फसीवलं मी.’ प्रत्येक वळणावर त्यातला एखादा शब्द गळून पडायचा आणि तो पहिल्यापासून सुरू करायचा. मनाच्या एका कोपऱ्यातून आवाज येत होता, की नकोच सांगायला, एवढं एक वर्ष काढू आणि मग बघू. त्या आवाजाची त्याला लाज वाटली, पण तो आवाज त्याला अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

जोतिबा घराशेजारी गोठ्यापुढं लाकडं फोडत होता, पाठमोरा. रेश्मा ओसरीवर पावटे सोलत बसली होती. तिनं “आवं भावजी, तुमी कसं काय?” म्हणून पाणी आणायला आत धाव घेतली. शमशेरनं जोतिबाला हाक मारली. जोतिबा वळला नाही. शमशेरला वाटलं, आपलाच आवाज बारीक निघाला असेल. कान गेलेल्या माणसाला आपण ओरडलो की पुटपुटलो, याचा अंदाज राहत नाही. तो गोठ्याकडं गेला. आता समोर जाऊन तोंडाकडं बघितलं तर धीर सुटेल, म्हणून त्याच्या पाठीलाच त्यानं सगळं सांगून टाकलं. घोकलेलं, न घोकलेलं, दगडाचं, भुवयांचं, “तुजा जीव घेनार हुतो रं मी,” इथपर्यंत.  शेवटी नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं.

जोतिबानं कुऱ्हाड टेकवली, कमरेवर हात ठेवून मागं वळला आणि त्याला बघून हरखला. “आरं शमशेर! कवा आलास? हाक तरी मारायची गड्या!”

शमशेरला वाटलं, हा मोठ्या मनाचा माणूस, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. त्यानं त्याच्या खांद्यांना धरलं आणि तोंडावर तोंड नेऊन म्हणाला, “जोतिबा, मला ऐकू येत न्हाई. छत बोललं तर मला कळत न्हाई.”

जोतिबा त्याच्या ओठांकडं बघत होता. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, पण आता त्यात काही जीव नव्हता.

“चेष्टा करतुयास व्हय?”

“न्हाई.”

“आरं पर,” जोतिबा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला, “मला कुटं ऐकू येतंय? तोफखान्यातनं आलो तवाच एक कान गेल्याला. दुसरा हितं खानीत गेला. मी तुजा हात बगून पुढं जात हुतो. हात खाली आला, म्हंजी छत गप हाय. तू हायस न्हवं ऐकायला, म्हून मी निवांत हुतो.”

“आन मी तुजं तोंड बगून हात खाली घेत हुतो,” शमशेर म्हणाला. “तू निवांत दिसलास, म्हंजी छत गप हाय.”

हे कळायला दोघांनाही थोडा वेळ लागला. मग जोतिबा हसायला लागला, मांडीवर थाप मारून. शमशेरही हसला. एकमेकांना धरून दोघं हसत होते. आणि हसता हसता जोतिबा मधेच थांबला. तो फोडलेल्या लाकडांवरच बसला. म्हशीएवढा दगड पडला तेव्हा सुद्धा तो भ्याला नव्हता. आता भ्याला. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

रेश्मा पाण्याचा तांब्या घेऊन मधेच उभी होती. दोघंही आपापल्या समजुतीनं हळू बोलत होते, आणि ते वाडीभर ऐकू गेलं होतं. नवऱ्याच्या कानांचं तिला ठाऊक होतं. व्हॉल्व्ह फिरवायला कान कशाला लागतात, ऐकायला शमशेरभावजी आहेत की, असं म्हणून तिनंही ते पोटात ठेवलं होतं. तिनं तांब्या खाली ठेवला, आत जाऊन मोबाइल आणला आणि खाणीवरच्या ओव्हरमनसाहेबांना लावला. ओव्हरमन म्हणजे त्या दोघांच्या पाळीचा वरचा माणूस. रेंज आली होती. ती कायमच यायची.

“लावू नगंस,” जोतिबा म्हणाला.  शमशेर आला होता ते यासाठीच, पण हे दुसऱ्याच्या हातानं एवढ्या लवकर होईल असं त्याला वाटलं नव्हतं. तोफेचा दांडा, धारेचा दणका, सगळं त्या एका फोनबरोबर चाललं होतं, आणि तरी त्यानं हात पुढं करून तिला अडवलं नाही.

रेश्मानं आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत, आवाज न चढवता सगळं सांगितलं. दोघांनाही ऐकायला येत नाही. दोघांनीही लपवलं. उद्या ते निघतील, पण त्यांना तोफेवर पाठवू नका. वर कुठंही बसवा. मग ती पलीकडचं ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं मोबाइल कानावरून थोडा दूर धरला.

“सायेब इचारत्यात,” ती त्या दोघांना म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडं बघितलं. “काय?” जोतिबानं विचारलं.

ती पुढं आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. दोघांना ओठ दिसावेत म्हणून तिनं एकेक शब्द सुटा करून म्हटला, “इतके दिस छताचं ऐकत कोन हुतं?”

जोतिबानं मान खाली घातली. शमशेर म्हणाला, “सांग. कुनीच न्हाई.”

रेश्मानं ते सांगितलं नाही. ती मोबाइल मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, आणि त्यातून साहेबांचं “हॅलो, हॅलो” येत होतं. त्या तिघांत ते फक्त तिलाच ऐकू येत होतं.